चालतं म्हणजे कळलं का?

शाळेत रोबोटिक्स शिकवावं का, या प्रश्नावरची आपली चर्चा बहुतेक वेळा नोकरीभोवतीच फिरते. पुढे कुठली कामं उरतील, मुलांना कोडिंग कितवीपासून यायला हवं, आपली मुलं मागे तर पडणार नाहीत ना, असे प्रश्न विचारले जातात. सरकारनेही यात हात आखडता घेतलेला नाही. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून देशातल्या १०,००० हून अधिक शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी टिंकरिंग लॅब मंजूर झाल्या, प्रत्येकीला २० लाखांपर्यंत अनुदान. आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅबची घोषणा झाली. इतका पैसा आणि इतकी मुलं ज्या कामात गुंतणार आहेत, त्याबद्दलचा एक जुना प्रश्न मात्र क्वचितच कानावर येतो. सातवीतली मुलगी मोटारी, चाकं आणि सेन्सर जोडून एक गाडी बनवते आणि ती गाडी चालते, तेव्हा त्या मुलीला काही ज्ञान झालं की नुसता तिचा हात बसला? माझ्या मते ते ज्ञान आहे, तेही आपल्या शाळेत एरवी सहसा वाट्याला न येणारं. खरेपणाची जी कसोटी आपल्या दर्शनकारांनी फार पूर्वी मांडली, ती फळा, वही आणि प्रश्नपत्रिका यांच्यात कुठे लागतच नाही. हाताने बांधलेल्या यंत्रापाशी ती लागते. मात्र त्यासाठी बांधण्याचं काम खरोखर मुलाच्या हाती असावं लागतं, आणि आज ते बऱ्याचदा नसतं.

न्यायदर्शनापुढचा प्रश्न असा होता: मला झालेलं ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरवायचं? वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच या मुद्द्याने होते. तहानलेल्या माणसाला लांबवर पाणी दिसतं. ते पाणी आहे की मृगजळ, हे नुसत्या दिसण्यावरून सांगता येत नाही, कारण दिसणं दोन्ही वेळी सारखंच असतं. तो चालत जातो, ओंजळ भरतो, तहान भागते, आणि मग मघाचं ज्ञान प्रमाण ठरतं. ज्ञानातून प्रवृत्ती, प्रवृत्तीला फळ, आणि त्या फळावरून ज्ञानाचा खरेपणा. नैयायिक याला परतःप्रामाण्य म्हणतात. मीमांसकांना हे मान्य नव्हतं. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान झालं की ते स्वतःच प्रमाण असतं. दोष दिसत नाही तोवर त्यावर शंका घेण्याचं कारण नाही. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला लागत असेल तर त्या दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल, आणि या अनवस्थेला अंत नाही. हा वाद शेकडो वर्षं चालला. त्यात मीमांसकांची गरजही लक्षात घ्यायला हवी: त्यांना वेदवाक्याचं प्रामाण्य राखायचं होतं, आणि यज्ञाने स्वर्ग मिळतो की नाही हे कोणाला जाऊन पाहता येत नाही. जिथे जाऊन पाहता येत नाही तिथे स्वतःप्रामाण्याचा आधार घ्यावा, हे समजण्यासारखं आहे. पण काळ्या कापडावर पडलेल्या प्रकाशाचं काय होतं, हे तर जाऊन पाहता येतं. तरीही आपला विज्ञानाचा वर्ग ते वेदवाक्यासारखंच शिकवतो. काळा पृष्ठभाग प्रकाश शोषतो, पांढरा परावर्तित करतो. मूल हे वाचतं, लिहितं, आणि तपासणारा ते पुस्तकातल्या वाक्याशी जुळवून गुण देतो. एका वाक्याची कसोटी दुसऱ्या वाक्यावर लागते. मुलाने ते मानलं काय, न मानलं काय, जगात काहीच फरक पडत नाही.

तेच वाक्य रोबोटिक्सच्या टेबलावर येतं तेव्हा त्याचं काय होतं ते नीट पाहू. सुरुवातीला मुलांना सहसा बनवायला देतात ती रेघेवरून चालणारी गाडी, म्हणजे लाइन फॉलोअर. पांढऱ्या चार्ट पेपरवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून वाट आखतात. गाडीच्या पुढच्या अंगाला, कागदापासून सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरवर, दोन इन्फ्रारेड सेन्सर लावतात, एक रेघेच्या डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकातला एलईडी डोळ्यांना न दिसणारा प्रकाश खाली टाकतो आणि शेजारचा फोटोडायोड परतलेला प्रकाश टिपतो. डाव्या सेन्सरखाली काळं आलं की डावी मोटार थांबवायची, मग गाडी डावीकडे वळून पुन्हा रेघेवर येते; उजवीकडेही तसंच. एवढं मुलांना तोंडपाठ असतं. गाडी कागदावर ठेवली की ती जागच्या जागी गरगर फिरू लागते, कारण एका मोटारीच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्यात. त्या सरळ कराव्यात तर मोटारी सुरू होताक्षणी गाडी चालवणाऱ्या आर्डुइनो बोर्डाचा दिवा विझतो आणि पुन्हा लागतो, सारखा तसाच: ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी नुसती मोजली तर ९ व्होल्ट दाखवते, पण दोन मोटारी मागतात तेवढा करंट तिला देता येत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड रीसेट होतो. बॅटरीचा अंतर्गत रोध पुस्तकात कुठल्याशा गणितात येऊन गेलेला असतो. इथे तो गाडी अडवून बसतो. बॅटरी बदलली, गाडी सकाळभर चालली, आणि दुपारी खिडकीजवळच्या वळणावर येऊन भरकटली. कोड तोच, वायरी त्याच. उन्हातही इन्फ्रारेड असतं. खिडकीतून आलेला कवडसा त्या वळणावर पडला की सेन्सरला टेपवरूनही भरपूर प्रकाश येताना दिसतो आणि त्याच्या लेखी काळं पांढरं होतं. मग कोणी सेन्सरची संवेदनशीलता ठरवणारा छोटा निळा प्रीसेट स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून पाहतं, कोणी पुठ्ठ्याची झालर करून सेन्सरवर सावली धरतं.

या सगळ्यात मुलाला चूक दाखवली कोणी? शिक्षकांनी नाही, पुस्तकाने नाही, वर्गातल्या हुशार मुलानेही नाही. टेप, ऊन आणि बॅटरी यांनी दाखवली, आणि त्यांच्याशी हुज्जत घालता येत नाही. ‘सर, मी बरोबरच लिहिलं होतं’ हे वाक्य वहीपुढे चालतं, गाडीपुढे चालत नाही. उलट, शिक्षकांनी सांगितलेलं चुकलं तर तेही गाडी तितक्याच निर्विकारपणे दाखवून देते. ज्या समाजात वयाने, पदाने किंवा जातीने मोठा असलेला माणूस बोलला की विषय संपतो, तिथे बारा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या शिक्षकांना एकाच कसोटीपुढे उभं राहावं लागणं ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० साली ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात एक साधी पण खोल गोष्ट मांडली होती: शाळेत उत्तर बरोबर तरी असतं किंवा चूक तरी, पण प्रोग्राम लिहिणाऱ्यापुढचा प्रश्न असतो तो दुरुस्त कसा करायचा हा. जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम केलेल्या या गणितज्ञाने मुलांच्या हाती लोगो ही भाषा आणि जमिनीवर फिरणारं यंत्र-कासव दिलं, आणि पुढे १९९८ मध्ये लेगो कंपनीने आपल्या रोबोट संचाला त्यांच्या पुस्तकाचंच नाव ठेवलं. पॅपर्ट मानसशास्त्राच्या अंगाने बोलत होते. मला त्यात प्रमाणशास्त्र दिसतं: प्रवृत्ती फसली की ज्ञानातला दोष शोधायला माणूस मागे वळतो, आणि हे मागे वळणं हीच ज्ञानाची वाढ.

यावर सगळ्यात भारदस्त आक्षेप शंकराचार्यांच्या भाष्यातून येतो, आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिक होणार नाही. ब्रह्मसूत्रभाष्यात त्यांनी ज्ञान आणि क्रिया यांच्यात ठाम भेद केला आहे. क्रिया माणसाच्या मर्जीची असते: घोड्यावरून जावं, पायी जावं, की जाऊच नये. ज्ञानाला अशी मोकळीक नसते. समोरचा खांब खांब आहे की माणूस, हे मी ठरवत नाही, तो खांबच ठरवतो. क्रिया पुरुषतंत्र, ज्ञान वस्तुतंत्र. त्यांचा रोख ब्रह्मज्ञानाकडे होता, शाळेकडे नव्हे. पण भेद त्यांनी व्यवहारातल्याच उदाहरणांनी मांडला असल्यामुळे तो इथे लावणं गैर नाही. मग आक्षेप असा उभा राहतो: गाडी बांधणं ही क्रिया, ती कितीही केली तरी तिच्यातून क्रियाच निपजेल, ज्ञान हवं तर वस्तूचं स्वरूप पाहा, तिच्याशी खटपट कशाला? मला हा भेद पूर्ण मान्य आहे, आणि नेमका त्याच्याच बळावर मी उलट निष्कर्षाला येतो. चाकं कुठे लावायची, सेन्सर किती उंचीवर, कोडमध्ये आधी काय तपासायचं, हे सगळं मुलाच्या मर्जीचं आहे. गाडी वळणावर टिकते की नाही, हे मुळीच त्याच्या मर्जीचं नाही. बांधण्याच्या कामात माणूस या दोन प्रांतांच्या सीमेवर येऊन उभा राहतो, आणि आपली मर्जी कुठे संपते आणि वस्तू कुठे सुरू होते हे त्याला तिथे कळतं. नुसतं ऐकणाऱ्या मुलापुढे ही सीमा येतच नाही. वाक्य मनात कसंही वळवता येतं, वस्तूला तिथे बोलायची संधीच मिळत नाही. वस्तुतंत्र ज्ञान हवं असेल तर वस्तूला नकार देता येईल अशी जागा हवी, आणि क्रिया ती जागा करून देते. ज्ञान क्रियेतून निपजतं असा माझा दावा नाही. क्रियेमुळे वस्तू आपल्या स्वभावाने उत्तर देऊ शकते, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि भाष्यकारांच्या भेदाला त्याने धक्का लागत नाही.

कुमारिलांची अनवस्थेची अडचण त्या मानाने लवकर सुटते. मूल काही प्रत्येक गोष्ट तपासत बसत नाही. रोधावरच्या रंगीत पट्ट्यांवर ते विश्वास ठेवतं, मोटार ड्रायव्हरवर छापलेल्या अक्षरांवर ठेवतं, शिक्षकांच्या बहुतेक सगळ्या सांगण्यावर ठेवतं, आणि ठेवावाच लागतो. शंका येते ती गाडी जिथे अडते तिथे. नैयायिक उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शंकेला हीच मर्यादा घातली: ज्या गोष्टीवर विसंबून तू स्वतः वागतोस, तिच्यावरची शंका तुझ्याच वागण्याशी विसंगत ठरते. म्हणजे विश्वास मीमांसकांचा आणि तपासणी नैयायिकांची, दोन्ही त्या टेबलावर नांदतात. आंधळ्या अविश्वासाचं शिक्षण मला नको आहे. सगळ्यावर शंका घेणाऱ्या मुलाला एक वायरही जोडता येणार नाही.

धर्मकीर्तीकडून येणारा आक्षेप मात्र सहज सुटणारा नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्या बौद्ध आचार्याने प्रमाणवार्तिकात एक उदाहरण दिलं आहे. दोन माणसांना लांबून चमक दिसते, दोघंही तिलाच रत्न समजून धावतात. एकाला दिसलेली चमक खरोखर रत्नाची असते, दुसऱ्याला दिसलेली दिव्याची. चमकेला रत्न समजण्यात दोघंही चुकलेले, पण पहिल्याच्या हाती रत्न लागतं. म्हणजे प्रवृत्ती सफल झाली म्हणून तिच्यामागची समजूत खरी होती असं होत नाही. रोबोटिक्सच्या वर्गात हे रोज घडतं. गाडी भरकटते, मुलगा कोडमधला वेग २०० वरून १२० वर आणतो, गाडी चालते, मुलगा लिहितो, ‘वेग जास्त असल्याने चूक होत होती.’ प्रत्यक्षात तेवढ्या वेळात ढग आले आणि कवडसा गेला. फळ मिळालं, समजूत चुकीची राहिली, आणि फळ मिळाल्यामुळे ती आता पक्की झाली. लेखाच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं सरळ उत्तर त्यामुळे ‘नाही’ असं आहे. नुसतं चालणं पुरत नाही. जे लोक म्हणतात की हाताने करायला दिलं की मुलं आपोआप शिकतात, त्यांच्याशी माझा मतभेद इथे आहे, आणि तो किरकोळ नाही.

पण यावरचा उपायही आपल्या तर्कशास्त्रात आहे: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असताना कार्य होतं का, आणि कारण काढून घेतलं की कार्य थांबतं का, हे दोन्ही पाहायचं. वेग पुन्हा २०० करा. ऊन नसताना गाडी भरकटते का? वेग १२० ठेवा आणि वळणावर टॉर्चचा प्रकाश टाका. आता काय होतं? टॉर्च पिवळ्या उजेडाचा जुना बल्बवाला घेतला तर सेन्सर फसतो, पांढरा एलईडीवाला घेतला तर सहसा फसत नाही, कारण तापलेल्या तारेच्या उजेडात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि पांढऱ्या एलईडीत ते जवळजवळ नसतंच. डोळ्यांना जास्त लख्ख दिसणारा उजेड गाडीच्या लेखी अंधार आहे, हे मुलाने एकदा पाहिलं की ‘दिसणं’ या गोष्टीबद्दलची त्याची समजूतच बदलते. इथे चालती गाडी मुद्दाम बिघडवली जाते, आणि माझ्या मते वर्गातला खरा धडा तो आहे. चालवून दाखवणं हा धड्याचा अर्धाच भाग; आपल्या इच्छेनुसार बंद पाडून पुन्हा चालू करणं हा उरलेला, आणि तो सहसा तासात बसवलाच जात नाही, कारण गाडी चालली की टाळ्या पडतात आणि सगळे घरी जातात.

यावरूनच बाजारात मिळणाऱ्या संचांचा विषय निघतो. पेटी उघडा, पुस्तिकेतली चित्रं पाहा, १ नंबरचा भाग २ नंबरला जोडा, दिलेला प्रोग्राम चढवा. गाडी हमखास चालते, आणि हमखास चालावी म्हणूनच तो संच बनवलेला असतो. यात हात गुंतलेले असतात, कसोटी कुठेच नसते. मंत्र उच्चारावा तसं सूचना पाळणं आहे ते, आणि चुकलंच तर तो दोष पाळणाऱ्याचा, सूचनांचा कधीच नाही. म्हणजे वर्गातून हाकललेलं वेदवाक्य मागच्या दाराने आत आलं. संगणकाच्या पडद्यावरचे सिम्युलेटर याहून बरे, त्यात निदान चुका करता येतात. पैसे नसतील तर ते जरूर वापरावेत. पण सिम्युलेटरमधलं जग कोणीतरी लिहिलेलं असतं. त्या जगात ऊन पडायचं तर ते लिहिणाऱ्याला सुचलेलं असावं लागतं. खिडकीतला कवडसा कोणालाच सुचलेला नव्हता. हीच गोष्ट आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या कोडला लागू आहे. गाडीचा प्रोग्राम काही सेकंदांत मागून मिळतो, मग मुलाने तो का लिहावा, असं पालक विचारतात. न लिहू दे. पण मिळालेला प्रोग्राम हे आप्तवाक्य आहे, फार विद्वान वाटणाऱ्या कोणाचं तरी. त्याचा खरेपणा ठरायचा तो चार्ट पेपरवरच. सांगणारा जितका अस्खलित, तितकी जाऊन पाहण्याची सवय जास्त गरजेची होते.

एक आक्षेप धर्माच्या बाजूनेही घेता येईल. गीता फळाची आस सोडायला सांगते आणि तुम्ही तर फळालाच प्रमाण मानता, मुलांच्या मनात यशाची हाव आणखी पेरता. हा आक्षेप पोकळ नाही. २००८ साली पुण्यात भरलेल्या आशिया-पॅसिफिक रोबोकॉन स्पर्धेचा विषय गोविंदा होता. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या रोबोटांनी उंचावरच्या मडक्यांतलं लोणी काढायचं होतं. कल्पना सुंदर होती, आणि अशा स्पर्धांनी कित्येक मुलांना महिनोन्‌महिने एकत्र राबायला शिकवलं आहे. पण स्पर्धेतलं फळ बक्षीस असतं, न्यायशास्त्रातलं फळ साक्षीदार असतं, आणि या दोहोंची गल्लत झाली की शिक्षण बिघडतं. बक्षीस हवं असलेल्याला अपयश लपवावंसं वाटतं. साक्ष हवी असलेल्याला अपयशही तितकंच उपयोगी असतं. गीता सोडायला सांगते ती आसक्ती. परिणाम पाहूच नका असं ती कुठे सांगत नाही. उलट अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव, आणि या पाचांत स्वतःलाच एकटा कर्ता समजणाऱ्याला नीट दिसत नाही असं म्हटलं आहे. बंद पडलेल्या गाडीपाशी बसलेल्या मुलाला यापेक्षा चांगली तपासयादी कोण देईल? पाया डळमळतो का, माझं काही चुकलं का, सेन्सर ठीक आहे का, हालचालींचा क्रम बरोबर आहे का, आणि ढग आले होते का. ‘मी मठ्ठ आहे’ हे त्या यादीत नाही, आणि ‘मी एकट्याने केलं’ हेही नाही.

आता ज्या कारणासाठी मला या सगळ्याची एवढी कळकळ वाटते त्याकडे येतो. जाणणारे वेगळे आणि करणारे वेगळे, ही फाळणी आपल्या समाजाने जन्मावर नेऊन बसवली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार यांच्या हातांत शतकानुशतकं जे ज्ञान होतं ते ज्ञान म्हणून मोजलंच गेलं नाही, आणि ज्यांच्या तोंडी ज्ञान होतं त्यांच्या हातांना कधी वस्तूचा नकार सोसावा लागला नाही. दोन्हीकडून नुकसान झालं. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात रयतेच्या करातून वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चावर बोट ठेवलं आणि प्राथमिक शाळेत शेतीसारखं उपयोगी ज्ञान असावं अशी मागणी केली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. हस्तव्यवसाय शिक्षणाच्या जोडीला नको, हस्तव्यवसायातून शिक्षण हवं, हा तिचा गाभा. तेव्हा टीका झाली की मुलांच्या श्रमावर शाळा चालवणार का, आणि ती टीका अगदीच चूक नव्हती, कारण टकळीवरच्या सुताची विक्री मोजायला लागलं की टकळीमागचं गणित मागे पडतं. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच धाग्यातला. तिथली मुलं आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती, घर-आरोग्य अशी खरी कामं करतात आणि गावाला लागणाऱ्या वस्तू बनवतात. २००२ मध्ये एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून पाहण्याची डिजिटल कार्यशाळा, उभी राहिली ती या खेड्यात. कलबाग स्वतः अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आलेले, मोठ्या कंपनीत संशोधन केलेले; त्यांनी पाबळ निवडलं ते हाताचं काम हा गरिबांसाठीचा दुय्यम मार्ग नाही, शिकण्याचा स्वाभाविक मार्ग आहे या विश्वासाने.

रोबोटिक्स ही फाळणी सांधेल अशी माझी आशा आहे, आणि त्याने ती आणखी पक्की होईल अशी भीतीही. आज महागड्या शाळेतल्या मुलाने सोल्डरिंग केलं तर तो ‘इनोव्हेटर’, आयटीआयमधल्या मुलाने केलं तर तो ‘वायरमन’. डाग तोच, तार तीच. एकाच्या भिंतीवर प्रमाणपत्र लागतं, दुसऱ्याला लग्नाच्या बाजारात कमी लेखलं जातं. हाताने शिकण्याचा गौरव केवळ हात महागड्या संचावर पडला म्हणून होत असेल, तर आपण फक्त एक नवा वर्ण तयार करतो आहोत. यावर उपाय आहे आणि तो खर्चिक नाही. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांसोबत घालवायची तरतूद आहेच. ते दिवस सहलीत न घालवता गावातल्या मोटार रिवाइंडिंग करणाऱ्याला लॅबमध्ये बोलवावं, आणि मोटार गरम का होते हे त्याला सांगू द्यावं. तो तांब्याच्या तारेचे वेढे बोटांनी मोजतो आणि वासावरून जळकं वेटोळं ओळखतो. रोधाचं सूत्र शिक्षकांनी सांगावं. दोघांपैकी कोणाचं ज्ञान वरचं, हे मुलांना ठरवता येणार नाही, आणि न ठरवता येणं हेच मला हवं आहे.

जिथे शौचालयाला दार नाही तिथे रोबोट कशाला, असं विचारणाऱ्यांचं दुःख खरं आहे. आधी दार बसवावं, यात वाद नाही. पण वर वर्णन केलेल्या गाडीला २० लाख लागत नाहीत. दोन पिवळ्या मोटारी, दोन सेन्सर, एक ड्रायव्हर, एक बोर्ड आणि चार्जिंगच्या सेलांची जोडी दोन हजारांच्या आत मिळते, तीच गाडी दहा तुकड्या आलटून पालटून उकलतात आणि पुन्हा बांधतात. महाग पडतो तो वेळ, आणि शिक्षकांची तयारी. म्हणून बदल करायचाच तर मी परीक्षेपासून करीन. प्रात्यक्षिकाच्या दिवशी चालती गाडी दाखवायला सांगू नये. बंद पडलेली गाडी मुलीपुढे ठेवावी, वीस मिनिटं द्यावीत, आणि ती काय वगळते, कशावरून वगळते, पुढे काय बदलून पाहते, हे बोलत बोलत करायला सांगावं. गुण त्या बोलण्याला आणि करण्याला मिळून द्यावेत, गाडी शेवटी चालो वा न चालो. आणि गाडी दुसऱ्या कोणीतरी बिघडवलेली असावी, म्हणजे दोष कुठे आहे हे परीक्षकांनाही आधी माहीत नसेल.